मधाचा कोरडा बोळा

गुरुवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर.

हात धुतले तरी कोथिंबिरीच्या फुलांचा वास जाईना. दादा आज गंगापूरहून मुद्दाम लॅबमध्ये आला, त्याच्या कपाशीचं अळीनं कुरतडलेलं पान घेऊन. मीच ऐटीत म्हणाले, "या दोन फाट्यांच्या काचेच्या नळीत एका फाट्यात हे पान, दुसऱ्यात कोथिंबिरीची फुलं. बघ, मी पाळलेल्या या इवल्या गांधीलमाश्या पानाच्या वासानं येतात. शेतातही अशाच अळ्या हुडकून त्यांच्यात अंडी घालतील, अळ्या मरतील. फवारू नकोस."

सगळ्या फुलांकडं गेल्या. दादा एवढंच म्हणाला, "मी आपला उद्या सकाळी फवारतो."

का गेल्या? आता उपास सोडताना पहिल्याच घासाला आठवलं. मधाचा बोळा! माश्यांच्या पिंजऱ्यात खायला ठेवतो तो मधात भिजवलेला कापूस. काल बदललाच नाही, कोरडाठाक होता. भुकेली माशी आधी फुलांच्या वासामागं जाते, पोट भरलं की अळीच्या. हे मला माहीत नव्हतं का?

दादाचा फोन वहिनीनं उचलला. मागं पाण्याचा आवाज, दादा उद्यासाठी फवारणीचा पंप धूत होता. बोळ्याचं सगळं सांगितलं.

"उपाशी पाठवलंस व्हय त्यांना कामावर?" वहिनी कडाडली. मग तिकडं वळून, "अहो, पंप ठेवा खाली. लेकरं उपाशी होती!"

मी कान देऊन ऐकत होते. पाण्याचा आवाज थांबत नव्हता.