ओवळीची सावली

नाना, खड्डा खणून चार दिवस झाले, पण त्यात काय लावायचं हे कालपर्यंत ठरत नव्हतं. गावाबाहेरची ही आमची नवी जागा तुम्ही पाहिली नाहीत. पश्चिमेला सगळं उघडं. दुपार कलली की ऊन ओसरीवर येऊन मांडी ठोकून बसतं, आणि महाराजांचा खडखडा, ती उघडी घोडागाडी, रस्त्यानं गेला की मागची धूळ आमच्या ताकात उतरते. दारात सावली हवी, यावर एकमत आहे. कशाची, यावर शास्त्रार्थ. तुमच्या जावयांचा पूर्वपक्ष करंजाचा: चार-पाच वर्षांत छपराशी येतो, पाण्यासाठी रडत नाही, चैत्रात नवी पालवी अशी चकाकते की तेल लावल्यासारखी, आणि खाली गारवा इतका की माणसाला कचेरीची आठवण राहत नाही. (हा शेवटचा गुण त्यांनी दोनदा सांगितला.) माझा उत्तरपक्ष बकुळीचा: करंज माघ-फाल्गुनात पानं टाकून ऐन तापायच्या वेळी उघडा पडतो, पानांवर त्या पुटकुळ्या येतात त्या वेगळ्या, बकुळ मात्र बारा महिने अंगभर नेसलेली, आणि फुलं सुकली तरी वास सोडत नाहीत. "दहा वर्षं लागतील तिला," जावई म्हणाले. "तोवर तू पन्नाशीला टेकशील." मी म्हटलं, "मग तेव्हाच सावली जास्त लागेल की." ते हसले आणि म्हणाले, "खरं कारण सांग." ते मी सांगितलं नाही. तुम्हांला सांगते आहे.

गंगावेशीतल्या घराची ओसरी. मी चौदा वर्षांची, समोर नाटकाची पोथी, आणि तुम्ही पंचा सावरत खांबाला टेकलेले. नायिकेची सखी प्राकृतात काहीतरी बोलते, त्याच्या खाली बारीक अक्षरांत तेच संस्कृतात, म्हणजे छाया, दिलेली. मी ते प्राकृतच मोठ्यानं वाचते, कारण कानाला ते आई आणि मावशी बोलतात तसं लागतं, अर्धं गिळलेलं, मऊ. तुमची भुवई वर जाते. "छाया वाच. बायकांचं बोलणं मधे आणू नकोस." झाड सोडायचं आणि सावली तेवढी वाचायची, हे मला तेव्हाही अंमळ विनोदी वाटलं होतं, पण विनोद सांगायचे दिवस नव्हते ते. मी छाया वाचली. सगळी नाटकं मी पुढे तशीच वाचली. नायिका काय बोलली हे मला ठाऊक आहे. कशी बोलली हे विचारू नका.

त्याच दुपारी चाचा आले. तुमची पुस्तकं बांधून देणारे चाचा, मूळचे मलकापूरकडचे. त्यांनी शिवलेली पाठ वीस वर्षं उसवायची नाही, असं तुम्हीच चारचौघांत सांगायचात. दारात सावली हवी, बकुळ मिळाली तर बरं, असं तुम्ही तेव्हा येईल त्याला सांगत होतात. त्यातली सावली तेवढी चाचांच्या कानावर गेली असावी. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं हातभर रोप त्यांनी पायरीशी ठेवलं.

"शास्त्रीबुवा, तुमच्या दारात लावायला आणलंय. गावाकडनं."

"कसलं?"

"ओवळ हाय की."

तुम्ही दोन पावलं मागे सरलात. मला ते अजून दिसतं, अगदी संथ, पाण्याखाली घडावं तसं. "ओवळं? माझ्या दारात?"

"ओवळं न्हवं, ओवळ. झाडाचं नाव हाय त्ये."

"नाव असो नाहीतर गाव असो. सोवळ्याच्या घरापुढे ओवळं उभं करायचं नाही. घेऊन जा ते."

चाचांनी रोपाकडे पाहिलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग ते हात सदऱ्याला पुसले, रोप उचललं, म्हणाले "बरं", आणि गेले. तुम्ही एक शब्द नाकारलात, त्यांना वाटलं आपल्याला नाकारलं. दोघंही मराठीतच बोलत होतात. त्यानंतर पुस्तकं न्यायला-आणायला त्यांचा भाऊ येऊ लागला. तुम्ही एकदाच विचारलंत, "चाचा बरे आहेत ना?" भाऊ म्हणाला, "बरं हाय."

आई त्या आठवड्यात माहेरी होती, नाहीतर हे घडलं नसतं. आई घाटाखालची. तिच्या तोंडी बकुळ कधी आलीच नाही. ओवळीची वेणी, ओवळीची फुलं, ओवळीच्या सालीचं दंतमंजन, जन्मभर हेच. वीस वर्षांच्या संसारात हा शब्द तुमच्या कानापर्यंत पोचला नाही, कारण तिच्या बोलण्याचीही तुम्ही छायाच घेत होतात. आठ दिवसांनी, बकुळीचं रोप कोल्हापुरात मिळत नाही अशी कुरकुर करत तुम्ही करंज लावलात. संस्कृतात नक्तमाल, म्हणालात, म्हणजे कमीपणा राहिला नाही. त्या झाडानंही तुमचं सगळं केलं. त्याच्याखाली तुमची बाज, तुमची झोप, तोंडावर पालथी पडलेली पोथी. माघात ते उघडं पडायचं तेव्हा बाज तुम्ही मुकाट आत घ्यायचात.

काल मी चाचांकडे गेले. त्यांच्या दारात मोठी बकुळ आहे असं मी शिकवते त्या शाळेतली एक मुलगी म्हणाली होती. झाड अर्ध्या बोळावर पसरलंय, नाना. आत शिरल्यावर दिवस हिरवा होतो, आणि जमिनीवर इतकी फुलं की पाय कुठं टाकावा कळत नाही. चाचांना आता नीट दिसत नाही, पण आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"शास्त्रीबुवांच्या बाई व्हय? या, बसा. तुमचं वडील यायचे की हितं."

"इथं?"

"दर साली. फुलं पडायची तवा. रस्त्यावरच उभं ऱ्हायचे. इचारायचे, चाचा, हे झाड कसलं? मी म्हनायचो, ओवळ. ते म्हनायचे, बकुळ. मी म्हनायचो, बरं. मग जायाचे."

"दर वर्षी एवढंच?"

"एवढंच. म्हातारं मानूस, इसरत असंल म्हटलं." त्यांनी हातातलं फूल चुरलं. "शेवटल्या साली आलते काठी घिऊन. इचारलं न्हाय काय. आपनच म्हनाले, चाचा, तुमची ओवळ चांगली वाढली. आनि आत यून बसले. पानी मागितलं न्हाय. पर बसले, घटकाभर."

म्हणजे तुम्हांला कळलं होतं. पहिल्या बहरालाच नाकानं सांगितलं असणार. नाक कोश पाहत नाही. आणि तो एक शब्द उच्चारायला तुम्हांला इतके बहर लागले. मी हसले असते, पण चाचा हसत नव्हते, मग मीही फुलं वेचत बसले.

झाडाखाली रुजलेलं एक रोप ते उद्या सकाळी स्वतः घेऊन येणार आहेत. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. तुमच्या जावयांनी वाद सोडून दिलाय. करंज परसात लावू म्हणतात, कचेरी विसरायला. राहता राहिलं ते खरं कारण. त्या दुपारी मी ओसरीवरच होते. ओवळ म्हणजे बकुळ हे मला आईच्या कुशीत असल्यापासून ठाऊक होतं. "नाना, हीच ती," एवढं म्हटलं की पुरलं असतं. बायकांचं बोलणं मधे आणू नकोस असं सकाळीच बजावलं होतंत, म्हणून गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला पढवत आले. तसं नव्हतं. तुम्ही चुकताय हे बघायला मला गोड वाटत होतं. चाचांचे हात मला नंतर दिसले.

उद्या ते पायरीशी रोप ठेवतील तेव्हा मी विचारीन, कसलं? ते म्हणतील, ओवळ. पुढचं वाक्य माझं आहे, आणि ते मी इथं तुमच्या तसबिरीसमोर म्हणून पाहते आहे, कारण चुकलं तरी भुवई वर जाणार नाही: चाचा, मला तेव्हाच माहीत होतं.