मातीच्या कडेने

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तुमच्या लेकीची जीभ अजून तशीच आहे. हिच्या तोंडाला वेसण घालणारा अजून जन्मला नाही, असं तुम्हीच म्हणायचात. नवरा बिचारा केव्हाच हात टेकून मोकळा झाला, आणि तुमची नात ऐकून न ऐकल्यासारखं करते. सगळ्यांना सगळं सुनावून झालं. तुम्हाला सांगायचं तेवढं एक राहिलं. तेच आज पोरीच्या जुन्या वहीत लिहायला बसले आहे.

त्या उन्हाळ्यात माझी सातवीची परीक्षा संपली होती आणि आई आजीच्या दुखण्यासाठी माहेरी गेली होती, म्हणून तुम्ही मला सोबत घेतलंत. दिघोरीच्या एका शेतकऱ्याने भंडाऱ्यापलीकडच्या बाजारात बैलजोडी घेतली, तो एसटीने घरी गेला आणि जोडी तुमच्या हाती दिली. तेच तुमचं काम होतं. लोकांनी विकत घेतलेले बैल बाजारातून पायी चालवत त्यांच्या दावणीला पोचवायचे. ट्रकमध्ये उभे करून नेले की बैलांचं अंग आखडतं, असं तुमचं म्हणणं. याच्या हाती दोर दिला म्हणजे बैल पोचला समजा, असं लोक बोलायचे, आणि ते ऐकताना तुम्ही उगाच दुसरीकडे बघायचात. एरवी मिरवण्यासारखं आपल्याकडे होतं काय!

तीन दिवसांची वाट होती. पहिल्या दिवशी नदीचा पूल ओलांडला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच आपण हायवेला लागलो होतो. तेव्हा तो दोनच गाड्यांपुरता रस्ता होता, कडेला मोठमोठी झाडं होती. तुम्ही पुढे, दोन्ही दोर एका हातात, आणि मी मागे काठी घेऊन. खरं तर ती काठी मलाच टेकायला होती, पाय सुजले होते. पण तुमच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तोंड चालू ठेवलं होतं.

"बैलाले ओढाचं नाई माय," तुम्ही सांगत होता. "त्याच्या मनानं चालाचं. आन् जोडीतला हरेक बैल आपल्या बाजूचा असते. हा धवळ्या डाव्या अंगाचा, लाल्या उजव्या अंगाचा. जू असो का नसो, तो आपली जागा सोडत नाई."

"मंग मी कोनत्या अंगाची?"

"तू मोकाट हायेस," तुम्ही म्हणालात आणि कितीतरी वेळ एकटेच हसत राहिलात.

अकराच्या सुमारास लाल्याच्या पुढच्या खुराचा नाल निघाला. डांबर तापून मऊ झालं होतं. डावीकडे मातीची कड होती, पण तिथून धवळ्या चालत होता. लाल्याच्या वाट्याला डांबर आलं होतं आणि तो पाय उचलून उचलून टाकत होता. नालबंद लाखनीला भेटला असता. एका ढाब्याजवळ तुम्ही मला झाडाखाली उभं केलंत आणि बादली मागायला गेलात. जाताना म्हणालात, "दोर सोडजो नोको, मी पानी घेऊन येतो."

मी दोर सोडला नाही, बाबा. मी बैल बदलले. लाल्याला मातीच्या कडेला आणला आणि धवळ्याला डांबराच्या बाजूला घेतला, दोघांना गळ्यापाशी पुन्हा एकत्र बांधलं. सकाळी तुम्ही सांगितलेलं मी विसरले नव्हते. वाटलं, थोड्या वेळानं काय होतं? लाल्याला बरं वाटेल, आणि तुम्ही आल्यावर म्हणाल, पोरगी हुशार निघाली. एवढंच करून थांबले असते तरी निभावलं असतं. पण मला तुम्हाला दाखवायची घाई झाली होती. मी त्यांना चालवत ढाब्याकडे निघाले.

मागून ट्रकचा हॉर्न वाजला. बैल बिचकले आणि बिचकल्यावर आपापली जागा शोधू लागले. लाल्या धवळ्याच्या पुढून वळला आणि उजव्या अंगाला गेला. त्याची जागा तिथेच होती. ट्रकही तिथेच आला.

ड्रायव्हर खाली उतरला. तुम्ही पळत आलात, बादली कुठेतरी पडली. आधी तुम्ही मला चाचपून पाहिलंत, डोक्यापासून पायापर्यंत. मग लाल्याजवळ बसलात, त्याच्या गळ्यातली गाठ आपल्या हातानं सोडलीत आणि त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवत राहिलात. फार वेळ लागला नाही त्याला. तोवर ढाब्यावरची माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, दोर कोणाच्या हातात होता?

"माह्या हातात होता," तुम्ही म्हणालात. "माह्याच हातून सुटला."

मी तिथेच उभी होते. दोराने सोललेले तळवे मुठीत दाबून उभी होते.

मग एकट्या धवळ्याला घेऊन आपण दिघोरीपर्यंत चाललो. धवळ्या सगळी वाट उजवीकडे एका बैलाची जागा सोडून चालत होता. ते मला बघवत नव्हतं, म्हणून मी तुमच्याही पुढे चालले. दिघोरीचा तो शेतकरी भला माणूस. "तुमच्या हातून? मले खरं नाई वाटत, भाऊ," असं तो दोनदा म्हणाला, आणि तुम्ही दोन्ही वेळा मान खाली घातलीत. त्यानंतर कुणी तुम्हाला वाईट बोललं नाही, पण कुणी दोरही हाती दिला नाही. तुम्ही राईस मिलमध्ये पोती उचलायला लागलात. संध्याकाळी कोंड्याने पांढरे होऊन घरी यायचात आणि मी पाण्याचा तांब्या पुढे करायचे. एक दिवस सांगायचं असं रोज ठरवायचे. मग शाळा संपली, लग्न झालं.

आई गेल्यावर तुम्ही लाखनीला माझ्याकडे आलात. आमचं घर हायवेला लागून. तुमची नात चार वर्षांची होती, अंगणवाडी रस्त्यापलीकडे. त्या सकाळी मला घाई होती, दूध उतू गेलं होतं. तुम्ही चप्पल घालून दारात उभे होता, नातीचं बोट धरून. "मी नेऊन देतो हिले," म्हणालात.

आणि मी म्हणाले, "रस्त्यावर एक बैल नाई सांभाळता आला तुमाले, माही पोरगी काय सांभाळाल?"

लोकांनी कधी उच्चारलं नाही ते मी बोलले. मी, जिला सगळं माहीत होतं. तुम्ही तिचं बोट सोडलंत, चप्पल काढून भिंतीशी नीट ठेवलीत. त्यानंतर घरात तिला मांडीवर घ्यायचात, घास भरवायचात, पण उंबऱ्याबाहेर तिचा हात कधी धरला नाहीत. मीच एकदा ओशाळून म्हटलं, घेऊन जा ना. तुम्ही म्हणालात, "नोको माय, गाड्या लय हायेत."

पुढच्याच थंडीत तुम्ही गेलात. त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात जेवत होता. घरात आपण दोघंच. मध्येच हात थांबवून तुम्ही म्हणालात, "गाठ सोडली तवाच मले दिसलं होतं माय, गाठ उलट्या अंगाले होती, म्हंजे तो मातीच्या कडेले बांधला होता. लंगड्या जनावराले मातीतून चालवाचं मनात आलं, ते काई वाईट नव्हतं."

म्हणजे सुरुवातीपासून तुम्हाला ठाऊक होतं. मी ते वाक्य बोलले तेव्हाही ठाऊक होतं.

मी चुलीकडे तोंड करून उभी होते. मागे वळले नाही. विचारलं, "कोनता बैल, बाबा?"

तुम्ही ताट पुढे सरकवलंत. मग म्हणालात, "जाऊ दे. भात वाढ."

हे पत्र कुठे पाठवू, म्हणून मी अडलेले नाही. त्या दुपारी तुम्ही हाताच्या अंतरावर बसला होता, बाबा, आणि मी नुसता भात वाढला.