बांधावरचा दगड

जवळा बाजार, २००४

अक्का,

रस्त्यासाठी आपलं वावर मोजलं, तवा साहेबानं मला बराबर विचारलं व्हतं, "मालक, हरकत असंल तर आत्ताच सांगा. रस्ता विहिरीवरून नेऊ का बांधावरून?"

मी विहीर वाचवली. बांधावर तुझं बारशाआधी गेलेलं लेकरू पुरलंय, वरचा दगड तुझ्या हातचा हाय, हे मी बोललोच न्हाई.

काल तू दगडाला हळद लावाया आलीस. डांबराकडं पाहत उभी राहिलीस. मंग माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको, प्रभू. सरकारपुढं आपलं काय चालतं?"

मी तुला पाणी दिलं. त्याच विहिरीचं.

तुला तोंड न दाखवता येणारा,
प्रभू