या जेवायला

५ नोव्हेंबर, बुधवार

आले एकदाची नातवाच्या घरी! पाथरीहून जीपमदी कोंबून बसवलं, मांडीवर कुणाची तरी कोंबडी, पर जीव लय खुशीत. मल्हारनं सोनपेठाच्या ह्या बाजूला, गंगेच्या, म्हंजी गोदावरीच्या, काठाला पत्र्याची खोली बांधलीय. बंधाऱ्याचं पाणी तुंबून तळ्यागत पसरलंय, डोळं भरून बघावं आसं. नातसून साधना म्हणली, आजी आल्या, आता शेळ्यांची काळजी मिटली. मी म्हणलं, शेळ्यांचीच व्हय गं, माझी न्हाई! हसून हसून लोळली पोरगी. दोगं परवा गंगाखेडाकडं ऊस तोडायला जायलेत. घर मी राखायचं.

धम्मशीला मॅडमनं मला म्हातारपणी अक्षरं शिकवली. रोज चार ओळी लिव्हा म्हणल्या, म्हणून ही वही. चुकलं माकलं आसंल.

आन एक गंमत. मल्हारनं मासे धरायला पलास्टिकची होडी आणलीय. पिवळीजरद, भोपळ्याच्या फोडीगत. तिला कयाक म्हणतेत. मला 'काय हाक' आसंच ऐकू येतं. एकामागं एक दोन बैठका, बुडाला बॅटरीची मोटार. पुढं बसून बटन पिळायचं, पोराचा कान पिळावा तसं, की निघाली.

८ नोव्हेंबर, शनिवार

दोगं गेले. टेंपोत भांडी, गोधड्या, वर कोयतं. जाताना मल्हारनं मला होडी शिकवली. आधी म्हणला, आजी तू बुडशील. मी म्हणलं, तुझा बा मला बुडवू शकला न्हाई, ही काय बुडवती! आज एकटीच गेले. काठाच्या काठानं. कणकेची गोळी लावून गळ टाकला आन वही काढून बसले. शेरडामागं जलम गेला, पर आसं निवांत कधी बसले न्हाई. दोन चिलापी घावल्या. कालवण झकास झालं. तारीफ करायला कुणी न्हाई एवढंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

हितं माणूस लय कमी. आजूबाजूची वस्ती कुलपं लावून ऊसाला गेली. शेळ्यांसंगं बोलते. एक बोकड तेवढा हुंकार देतो.

आज दुपारी होडीत, पाण्याच्या मधोमध, भाकरीचं फडकं सोडलं. आमच्यात एकट्यानं खायची रीत न्हाई. समोरनं कुणी गेलं तर या जेवायला म्हणायचं, त्यानं होऊ द्या म्हणून पुढं जायचं. आता पाण्यात कोण? तरी सवयीनं तोंडातनं निघालंच, या जेवायला. आन माझं मलाच हसू आलं. होऊ द्या म्हणायला सुदीक कुणी न्हाई. मग कोर मोडून पाण्यात टाकली, माशांना व्हईल म्हणून.

लगेच मोठी मरळ लागली! हाताएवढी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रोज म्हणते आता. या जेवायला. बरं वाटतं. रोज मासे लागतेत.

होडीचं मागलं अंग पाण्यात दबायलंय. नाक वर उचलतंय. मल्हार मागं बसला होता तवा आसंच व्हायचं. पाणी शिरलं का बघितलं, कोरडी ठाक हाय.

२ डिसेंबर, मंगळवार

काठावर व्यंकटी म्हणून म्हातारा भोई हाय. थर्माकोलचा तराफा घेऊन जाळं लावतो. आज त्यानं काठावरनं हाक मारली, बाई, मागं कोण बसवलंय? मी म्हणलं, म्हाताऱ्या, चष्मा लाव की. त्यो हसला न्हाई.

मग मी भाकरीचं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. म्हणला, पाण्यावर कुणी कुणाला जेवायला बोलवत न्हाई. भोयाची लेकरं सुदीक गपचिप खातेत. जमिनीवरचं माणूस होऊ द्या म्हणून निघून जातं. बुडालेलं माणूस होऊ द्या म्हणत न्हाई.

मी म्हणलं, मग काय करू? म्हणला, होडीत बसू नको. आन कुणाला बसू देऊ नको.

५ डिसेंबर, शुक्रवार

भाकरी न नेता गेले. बघावं म्हणलं खरं का खोटं. पाच चिलापी धरून मागच्या बैठकीवर ठेवल्या. काठाला येऊन बघते तर काटे. नुसते काटे, चाटून पुसून.

घराकडं येताना मी मागं वळून बघितलं न्हाई. मान वळंनाच.

९ डिसेंबर, मंगळवार

होडी वर ओढून बाभळीला बांधली. सकाळी पाण्यात. दोर सुटलेला न्हाई — गाठ तशीच.

मल्हारचा फोन. दोन दिसांची सुट्टी काढून यायलाय. म्हणला, होडीतनं मासे धरू. नको म्हणलं. हसला. येडी झालीस का म्हणला. एकटीला करमंना म्हणून आसं वाटतंय म्हणला.

करमत न्हाई हे खरं. पर हे ते न्हाई.

१३ डिसेंबर, शनिवार

आला माझा वाघ. वाळलाय. हात ऊसाच्या पातीनं कापलेत. त्याला माझ्या गळ्याची आण घातली, होडीत बसायचं न्हाई. बरं म्हणला, व्यंकटीबाबाच्या तराफ्यावर जाईन. दोगंबी जेवलो. कितीक दिसांनी ताटापुढं माणूस.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळ

मल्हार जाळ्याला गेला. धुई पडलीय. काठ दिसंना.

ऐकू आलं — पाण्यातनं. आजी, भूक लागली. त्याचाच आवाज. परत एकदा. आजी. तराफा उलटला आसंल. पवता येत न्हाई त्याला —

होडी काढली. भाकरी घेतली. देवा.

घावला! मागनं चढला, होडी दबली, धुईत तोंड दिसंना. हात लय गार. भाकरी मागं दिली. जेवायलाय. बोलंना, भ्यालाय लेकरू. त्याचं खाणं हुईस्तोर लिव्हते, मग काठाला नेते.

कुणीतरी ओरडायलंय. काठावरनं. आजी, आजी, परत फिर —

मल्हार. धुई फाटली, दिसला. काठावर उभाय, कोरडा, व्यंकटीच्या बाजूला. सुखरूप हाय. माझं लेकरू सुखरूप —

मागं अजून चावायलंय.

भाकरी सरली.

काठाकडं न्हाई न्यायचं. तिकडं मल्हार हाय. पाण्यात शिरायलाय त्यो, नको रं, मागं सर — बटन पिळते, पार पल्याडच्या अंगाला, लांब — खांद्यावर गार —