मागचा जिना

२४ जुलै २०२५
मालकांचा प्रेमराज येऊन गेला. बंगल्याचं हॉटेल होणार. मागच्या खोल्या पाडणार — म्हणजे माझीही. "काकू, कानबाईचा सण झाला की खोली सोडा." काकूही म्हणाला आणि सोडाही म्हणाला!
घरधनी हिलाल असते तर — जाऊ दे.

२७ जुलै
व्हरांड्यात पाटी लावलीय. वाचली. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस थांबला, खानदेशचा महागला. त्या पैशात एका गोऱ्या व्यापाऱ्याने सोनगीरजवळ हा बंगला बांधला. उंच जोतं, दगडी खांब. कापूस वेचणाऱ्या बायांबद्दल एक ओळ नाही. सासूबाईंची हयात त्यातच गेली.

मागचा जिनाही साहेबाचाच म्हणून लिहिलाय. पण बंगला दगडाचा, जिना विटांचा. चुना मारताना हिलाल सांगायचे, तो प्रेमराजच्या आजोबांनी, म्हणजे आबांच्या वडिलांनी, बंगला घेतल्यावर मागाहून बांधून घेतला. वरच्या मोठ्या खोलीतून थेट सासूबाईंच्या, म्हणजे आता माझ्या, दारात उतरतो. त्यापुढे ते बोलायचे नाहीत. मीही विचारलं नाही.

१ ऑगस्ट
माझा मुलगा समाधान दीपनगरहून आला. म्हणे, प्रेमराजशी काय बोलायचं, त्याच्या बापाला विचार. वर गेले. आबा खाटेवर. सगळं सांगितलं. ऐकलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.


३ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसवली. या खोलीतली शेवटची. रोटासाठी घरच्या प्रत्येक पुरुषाच्या नावाचे गहू मुठीने मोजायचे; समाधानचे मोजले आणि हात थांबला — हिलालची मूठ आता नाही.

त्या गव्हाचा रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, तो भाऊबंदांनीच खायचा. परक्याला कण द्यायचा नाही, लग्न करून दिलेल्या लेकीलासुद्धा नाही. हिलालने लहानपणी बंगल्यातला रोट चोरून खाल्ला होता. सगळे मारायला धावले. आबांचे वडील एवढंच बोलले, "खाऊ द्या त्याले." हिलाल हे हसून सांगायचे. सासूबाई मात्र उठून बाहेर जायच्या.

४ ऑगस्ट
कानबाई बोळवून आलो. पानं मांडली. तेवढ्यात मागच्या जिन्यावर काठी वाजली. आबा! भिंत धरत उतरले, समाधानशेजारी बसले, ताट पुढे केलं. मी रोट हातात घेऊन तशीच उभी. परक्याला कसा वाढू?
"वाढ," आबा म्हणाले. "हिलाल मना भाऊ व्हता. एकच बापना."
जिन्याच्या वरच्या पायरीवर प्रेमराज उभा होता.
मी वाढलं.