माघारीण तोंड दाखवत नाय

८ डिसेंबर, सोमवार
साडी पाहिजे म्हणे. बाई नको. वा रे वा! 'माघारीण' पिक्चरात मी भूत झाले तेव्हा पिक्चर काढणारे वसंतभाऊ स्वतः वाफ्यावर आले होते विचारायला. मेलेली लेक कांद्याच्या लागणीला माहेरी येते, ती मी. आता वसंतभाऊ गेले, त्यांचा पोरगा निखिल भाग दोन काढतोय. फोनवर सांगतो, "ताई, ती हिरवी साडी असली तर द्या, नवी मुलगी नेसणार आहे." म्हटलं, मी काय मेले का? मग म्हणे, तुमचं वय... ठेवला फोन. तेवढ्यात चहा उतू गेला.

९ डिसें.
आमचे मालक म्हणतात, देऊन टाक, पेटीत पडून काय करतीय. यांना काय! गावात अजून बाया माझं नाव सांगून पोरांना जेवू घालतात. यांच्या नावानं कुत्रं बी भीत नाय. तसं मी तोंडावर बोलले. ते हसले नुसते.
आठ वाफे लावून झाले. गुडघे बोलतात.

११ डिसें., गुरुवार
नाशिकला गेले. साडी नेली नाय. निखिलचं ऑफिस कॉलेज रोडला, भिंतीवर व.भाऊंचा फोटो, हार. पोराचं नाक बापाचंच.
नव्या पिक्चरचा तुकडा दाखवला. भूत वाफ्यात बसल्या बसल्या पुढं सरकत येतं. पांढरे डोळे, ही एवढी जीभ. मला हसू फुटलं, आवरेना. पोराचं तोंड उतरलं.
म्हटलं, अरे, ही लावलेली रोपं तुडवत येतीय! उकिडवं बसायचं, लावायचं, मागं सरकायचं. हे लासलगावात दाखवशील तर मार्केटातले हमाल बी हसतील.
म्हणे, मुंबईचे पैसेवाले म्हणाले, चेहरा दिसला पाहिजे.
म्हटलं, चेहरा दिसला की ओळख झाली. ओळखीच्या बाईला कोण भितं?
मग त्यानं जुना पिक्चर लावला. मी पुरा पाहिलाच नव्हता, तंबूतल्या थेटरात मालकांना घाम फुटला म्हणून मधूनच उठलो होतो. वाफ्यात नुसती एक पाठ. जवळ येत जाते. वळत नाय, हात थांबत नाय. तिला तुमच्याशी काय घेणंदेणं नाय, तिला वाफा पुरा करायचाय, अन् वाफ्याच्या टोकाला तुम्ही उभे. माझीच पाठ, अन् मलाच काटा आला. व.भाऊ तेव्हा एवढंच बोलले होते, कॅमेरा विसर, तू आपली लागण कर.
निखिल खाली बघत म्हणाला, "ताई, पप्पांच्या पिक्चरला जोड होतच नसेल तर?" रागवायला गेले होते, राहून गेलं. म्हटलं, उद्या त्या मुलीला वाफ्यावर पाठव.

१२ डिसें.
आली. तन्वी नाव. रंगवलेली नखं. दोनदा चिखलात बसली, पण रडली नाय. "काकू, पाय आहेत का गेले, कळेना." म्हटलं, असं मागं मागं सरकायचं, भुताचे पाय उलटे का म्हणतात, कळलं आता?

१४ डिसें., रविवार
आज आपली आपण आली. जुने कपडे. चार ओळी नीट लावल्या. पाठ चांगली हाय पोरीची. फक्त कुठवर आलो म्हणून मागं बघते. तिला सांगितलं, माघारीण मागं बघत नाय, तिचं माहेर हाय, तिला ठाऊक हाय.
साडी मीच नेसवली तिला. दिली नाय, नेसवली.
मालक बांधावर उभे होते. ती सरकत सरकत त्यांच्यापाशी गेली तसे हेच चार पावलं मागं. "पुरे आता, उन्हं उतरली." भ्याले! म्हंजे जमतंय. पहिल्याची सर येईल का, मला नाय माहीत. रान तेच असलं तर कांदा कधी कधी दुसऱ्या वर्षी बी तसाच येतो. पण रोपं तुडवून नाय.

१५ डिसें.
निखिलचा फोन. पैसेवाले अडून बसलेत. म्हणे, शेवटी दोन मिनिटं चेहरा ठेवू का? अर्धं मिनिट बी नाय म्हटलं. चिडला. "माझा जीव अडकलाय याच्यात, ताई!" माझा नाय अडकला? लोक म्हणतील, माघारीण म्हातारपणी हसायची गोष्ट झाली. बिचारा, फोन काय ठेवेना.
शेवटी सांगितलं. पाठ तन्वीची, जवळ आल्यावर हात माझे. दोन वाफे राहिलेत, रोप पिवळं पडायला लागलं. गुरुवारी शेवटचा वाफा लावणार, तुझ्यासाठी बी थांबणार नाय. कॅमेरा आणायचा तर पाठीकडून, नायतर आणूच नको. बुधवारी दिवस मावळायच्या आत हो का नाय, तेवढं सांग.