किसुमूच्या रस्त्यांना शिस्त

४ जानेवारी, रविवार
ओकेयो आज सकाळी नैरोबीला परत गेला. जाण्यापूर्वी गाडीभोवती दोनदा फिरला, विकत घ्यायच्या गाईभोवती फिरतात तसा. म्हणाला, आई, ईस्टरला येतोय. तोवर एकही नवा पोचा दिसला तर किल्ली माझ्या खिशात. मी म्हटलं, कबूल.

जुने पोचे माझे नाहीतच. डावा दरवाजा फाटकाच्या खांबाने ठोकला. खांब चुकीच्या जागी बांधलेला आहे, हे मी गवंड्याला तेव्हाच सांगितलं होतं. मागचा दिवा एका चहाच्या टपरीने फोडला.

गाडी गेली तर चर्चला, बाजाराला आणि गावी ह्यांच्या कबरीवर फुलं ठेवायला जायचं म्हणजे कोणाच्या तरी मर्जीने. ह्यांच्या मागे या घरात आम्ही दोघीच उरलो, मी आणि ही पांढरी स्टेशन वॅगन.

संकल्प: दोष रस्त्यांचा आहे, तेव्हा रस्तेच सुधारायचे. ईस्टरपर्यंत वेळ भरपूर आहे.

९ जानेवारी, शुक्रवार
रस्ता सुरक्षा कमिटी स्थापन. अध्यक्ष मी. सभासद: शेजारची न्यार उगेन्या (माहेर उगेन्याचं म्हणून सगळे तिला तसंच म्हणतात, खरं नाव मलाही आठवत नाही) आणि कोन्देले चौकातल्या बोडा स्टँडचा चेअरमन ओदिवुओर. हा माझ्या भूगोलाच्या वर्गात होता. नकाशात सरोवर उलट्या बाजूला काढायचा. आता भाड्याच्या मोटारसायकली चालवणारी अख्खी फौज त्याच्या हाताखाली आहे.

बैठक चालू असतानाच एक मयत गेली. शुक्रवार ना. शवपेटी गावी निघालेली, आणि पुढेमागे बोडावाले, हँडलला झाडाच्या डहाळ्या खोचून, हॉर्न वाजवत, दोन्ही बाजूंचा रस्ता अडवून. मी म्हटलं, मेलेल्याला घाई नाही, मग यांना कसली? ओदिवुओर म्हणाला, बाई, माणूस शेवटचा घरी चाललाय, एकटा कसा जाऊ द्यायचा? ओळखीचा असो नाहीतर नसो. मी बजावलं, जायचं तर एका रांगेत, मागून, आवाज न करता. तो म्हणाला, तुमच्या वेळी तसंच करू, बाई.

मी आभार मानले. मुलगा सुधारतो आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार
ठराव दुसरा. इथे लॉरी बंद पडली की ड्रायव्हर झाडाच्या फांद्या तोडतो आणि मागे रस्त्यावर टाकून देतो. मागच्याने ओळखायचं की पुढे गाडी उभी आहे. हा अडाणीपणा थांबवून लाल त्रिकोण ठेवले पाहिजेत. न्यार उगेन्या म्हणाली, त्रिकोण चोर नेतो, फांदी फार तर शेळी खाईल. शिवाय फांदी आंधळ्यालाही दिसते, बाई.

ठराव बहुमताने नापास. अध्यक्षांचं मत जादा धरण्याचा नियम पुढच्या वेळी करून घेईन.

८ फेब्रुवारी, रविवार
चर्चहून येताना एक सायकलवाला. अंगात रस्त्याच्याच रंगाचा शर्ट. माझा धक्का लागला नाही, तो स्वतःहून गटारात उतरला. मागच्या टोपलीतले टोमॅटोही त्याच्याबरोबर. मी काच खाली करून भडक रंगाच्या कपड्यांचं महत्त्व सांगितलं. तर मलाच म्हणतो, आजी, ही सायकलची वाट आहे, तुम्ही फुटपाथला चिकटून काय चालवताय?

आजी! त्याचं वय माझ्याहून फार तर थोडं कमी असेल.

गाडीला काही नाही. डाव्या बाजूला टोमॅटो, तो पुसला.

२ मार्च, सोमवार
ओकेयोचा फोन. डोळे तपासून घेतलेस का? मी म्हटलं, चष्मा वाचायला लागतो, गाडी चालवताना मी वाचत नाही. फोन तिथेच कट झाला. लाईन खराब असावी.

नवी पद्धत सुरू केली आहे. दिवसाढवळ्याही पुढचे दिवे चालू, चारही बाजूंचे पिवळे दिवे लुकलुकते, फोन बंद, आणि वेग इतका कमी की पायी जाणारे मला ओलांडून पुढे जातात. काल एक कोंबडीसुद्धा पुढे गेली. यापेक्षा सुरक्षित ते काय असणार?

१९ मार्च, गुरुवार
कोन्देले चौकासाठी कमिटीतर्फे लाकडी फलक बनवायला टाकला. शवागाराच्या फाटकासमोरचा सुतार निवडला. एरवी शवपेट्या करतो, त्यामुळे लाकूड उत्तम आणि रंध्याचं काम गुळगुळीत. त्याने लांबी विचारली. मी म्हटलं, माणसाएवढा. मग आवाज खाली आणून म्हणाला, आई, कोणासाठी? मी म्हटलं, सगळ्यांसाठी, अख्ख्या किसुमूसाठी. त्याने छातीवर क्रूस काढला. धार्मिक माणूस आहे.

मजकूर माझाच: सावकाश जा. घरी कोणीतरी वाट पाहतंय.

२७ मार्च, शुक्रवार
आजचा दिवस मोठ्या अक्षरात लिहायला हवा.

फलक घेतला. पांढरा रंग खरचटू नये म्हणून सुताराने पांढऱ्या चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या बाजूला लांब ठेवून दिला. दिवे लावले, फोन बंद केला आणि नेहमीच्या वेगाने शवागारापासून निघाले.

वाटेत रस्त्याच्या मधोमध कोणीतरी झाडांचा कचरा टाकला होता. शहराला शिस्त नाही. मी तो तुडवून पुढे गेले. त्याच्या पुढे उसाची एक लॉरी उभी होती, कसलीही खूण न ठेवता! तिच्या कोपऱ्याने माझ्या पुढच्या बाजूला किंचित खरचटलं. एक दिवा बंद झाला, पण दुसरा आहे. थोडा पाला बंपरात आणि वायपरमध्ये अडकून राहिला. घरी जाऊन काढू, म्हटलं.

आणि मग चमत्कार. मतातूवाल्यांनी, म्हणजे मिनीबसवाल्यांनी, मला पाहून गाणी बंद केली. फुटपाथवरची माणसं जागच्या जागी उभी राहिली, पुरुषांनी टोप्या काढल्या. कोन्देलेला ओदिवुओरने मला पाहिलं, गाडीच्या मागच्या भागाकडे पाहिलं, आणि हात वर केला. सगळा स्टँड उठला. पोरांनी कडेच्या झाडाच्या डहाळ्या मोडून हँडलला खोचल्या. (परवा झावळ्यांचा रविवार. तयारी दोन दिवस आधीच सुरू, हे कौतुकास्पद.) दोघांनी चौकात आडवं उभं राहून चारही रस्ते थांबवले. बाकीचे माझ्या मागे लागले. एका रांगेत. हॉर्न नाही, ओव्हरटेक नाही, बडबड नाही. आरशात पाहिलं तर नुसते दिवेच दिवे. काहींनी हेल्मेट काढून छातीशी धरली होती, त्याबद्दल नंतर बोलेन. पण तीन महिन्यांत हे शहर बदललं, हे ह्यांना पाहायला मिळायला हवं होतं. माझे डोळे भरून आले, म्हणून फाटकाचा खांब पुन्हा लागला.

यापुढचं थोडक्यात लिहिते. न्यार उगेन्या धावत आली आणि बॉनेटवर पडून आक्रोश करू लागली. ओकेयो, माझ्या लेकरा, एवढा उमदा पोरगा! मी म्हटलं, ओकेयोला काय झालं? ती म्हणाली, अगं मग मागे कोण आहे? ओदिवुओरने चादर बाजूला केली. सगळे पुढे झाले. कोणीतरी मोठ्याने वाचलं: सावकाश जा. घरी कोणीतरी वाट पाहतंय.

पोरांनी काढलेली हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवली. मग न्यार उगेन्या म्हणाली, या बाईला मीच मारते, म्हणजे तुमची फेरी फुकट जायला नको.

तोवर तिच्या सुनेने चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं. आलेल्यांना उपाशी पाठवता येत नाही. सगळे मक्याच्या पिठाची उगाली आणि मासे खाऊन गेले. जाताना ओदिवुओर म्हणाला, बाई, तुमची वेळ झाली की पुन्हा येऊ, रांग आता पाठ आहे.

२८ मार्च, शनिवार
फोन सुरू करायचा राहूनच गेला होता.

काल कोन्देलेतून कोणीतरी ओकेयोच्या चुलतभावाला कळवलं, त्याने नैरोबीला. वाटेत निरोप आखडत गेला आणि ओकेयोला मिळाला तेव्हा एवढाच उरला होता: आई.

सकाळी मी अंगणात शेंगा सोलत होते. तो फाटकात उभा. काळा कोट, पायात दोन वेगळे मोजे. मला पाहिलं आणि खांबाला धरून मटकन खाली बसला. तो खांब पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगी पडला. मी म्हटलं, ईस्टरला अवकाश आहे, आज कसा? तो लहानपणी रडायचा तसा रडला. रात्रभर बसचा प्रवास, धुळीने डोळ्यांना पाणी येतं.

नंतर तोंड धुऊन गाडीभोवती फिरला, एकदाच. पुढचा दिवा पाहिला, खांबाची नवी खूण पाहिली. माझं सगळं उत्तर तयार होतं. लॉरी, खूण न ठेवणं, गवंडी. पण त्याने काही विचारलंच नाही. नुसता हात पुढे केला.

किल्ली दिली.

३१ मार्च, मंगळवार
ओकेयो गाडी घेऊन गेला. कोपऱ्यापर्यंत दिसली, मग नाही. फलक ओदिवुओरच्या पोरांनी चौकात पुरून उभा केला.

५ एप्रिल, ईस्टर
चर्चला ओदिवुओरच्या बोडावर मागे बसून गेले. त्याची अट: बाई, हेल्मेट घालायचं, आणि मला खांदे धरून वळवायचं नाही. मान्य केलं. मी मागून त्याला योग्य त्या सूचना दिल्या. तो म्हणाला, बाई, वर्गातही तुम्ही असंच करायचात, म्हणून सरोवर उलटं यायचं.

कोन्देलेत पांढऱ्या कपड्यातला एक माणूस रस्त्याच्या अगदी कडेला उभा होता. हलायला तयार नाही. मी मोटारसायकल थांबवायला लावली आणि पादचाऱ्यांच्या जबाबदारीबद्दल त्याला चांगलं सुनावलं. उलट उत्तर नाही, मान खाली घालणं नाही, कसलीच लाज नाही. स्टँडवरची पोरं तोंडावर हात धरून उभी.

ओदिवुओर हळूच म्हणाला, बाई, तो आपला फलक आहे.

मंगळवारी चष्म्याच्या दुकानात जायचं आहे. नेऊन सोडायला ओदिवुओर येतो म्हणाला. चष्मा अर्थात फक्त वाचायला.